ऊब मोजणारे

एंगुरी नदीच्या अलीकडे, खांबांवर उभ्या लाकडी घरात
गुलिको जोजुआ रोज सकाळी सातला पारा वाचते
आणि वहीत उतरवते.
वही सासऱ्याची. त्याच्या अक्षरातली शेवटची ओळ :
उणे अकरा. अंगणातली बादली तडकली.

यंदा जानेवारीत अधिक नऊ.
हेझलनटचे तुरे नाताळाआधीच सुटले,
बादली शाबूत.

शाळेत बटुमीहून आलेल्या मुलीने फळ्यावर मांडलं होतं :
हा वासट ढेकण्या तारीख पाहत नाही.
चौदा अंशांखाली त्याचं खातं बंद.
त्यावर चढेल तेवढीच ऊब जमा,
आज दोन, उद्या पाच, ढगाळ दिवशी काहीच नाही.
साठत साठत पाचशेच्या पुढे गेली
की अंड्याला पंख.
मागच्या बाकावरून जुंबेरी म्हणाला,
"आमच्या बँकेपेक्षा चोख."
कुणी हसलं नाही.
मग सगळेच हसले.

कपाटात जिमशेरचा कोट, चार हिवाळे झाले.
धुवायचा नाही, कुणाला द्यायचा नाही.
काल बाही उलटली तर आत
बाराजण, पाय पोटाशी घेऊन,
ढालीसारखे, तपकिरी, जिवंत.
ही जात आली त्या वर्षी असा कपडा
रात्रभर कुंपणावर टाकला की पुरे व्हायचं;
सकाळी झटकायचा, वाळक्या शेंगांसारखे पडायचे.
तिने कोट टाकला.
सकाळी ते बाहीच्या तोंडाशी आले होते,
मिशा हलवत, उन्हाच्या बाजूने.

मे. पानाखाली अठ्ठावीस अंडी, फिकट हिरवी.
दुसऱ्या पानाखालीही अठ्ठावीस.
पिल्लं रिकाम्या कवचांना बिलगून बसतात पहिले काही दिवस,
हे तिला पाहवत नाही आणि ती पाहते.

ऑगस्टात फळ फोडलं : गरावर पांढरा बुचासारखा डाग.
चावलं. कडू.
व्यापाऱ्याने पोत्यात मूठ घातली, काही बोलला नाही,
भाव बोलला.

रात्री तिने रकाना जोडला.
सासऱ्याच्या वर्षांत एकच पिढी बसली असती,
तीही ओढूनताणून.
तिच्या वर्षात दुसरी बसते,
वर सतरा दिवस शिल्लक.
ते सतरा कुठे लिहायचे
ते तिला कळेना, म्हणून समासात लिहिले.

ऑक्टोबर. पहिल्यांदा शेगडी पेटवायची.
काडी ओढून ती थांबते.
फळ्यांच्या फटीत कुणीतरी कूस बदलतं.
काडी बोटापर्यंत जळत येते.
दुसरी ओढते.