बद्द

बोअर नंबर सतरा, कसबा पेठ, गल्लीच्या तोंडाशी.
सकाळी दहाच्या आत मशीन लावायचं नाही, अशी अट.
आवाजाच्या नऊ तक्रारी आल्या,
तांबट आळीतून एकही नाही.

पहिले तीन मीटर चाळीस: भराव.
खापऱ्या, कोळसा, बांगडीचा हिरवा तुकडा,
लॉगशीटवर सगळ्याला तो एकच शब्द.
मग मुरूम. मग कुजका खडक,
चुरला तर हळदीसारखा हाताला लागणारा.
नऊ मीटरला काळा पाषाण लागला
तेव्हा इस्माईल शिकलगारांनी गिअर बदलला
आणि दिवसातला पहिला चहा मागवला.

मी नमुने पेटीत ओळीने मांडते,
दहा सेंटिमीटरहून लांब तेवढेच मोजते.
खडकाची प्रत यावरूनच ठरते:
अखंड किती निघालं.
हा नियम मी घरी कुणाला सांगितलेला नाही.

निजामपूरकर काका ठोकणी हातात घेऊनच आले.
"बाई, तो वाजवून दाखवा."
मी हातोडीने एकेक तुकडा वाजवला,
त्यांनी डोळे मिटले.
"खणखणीत. खणखणीत. हा बद्द."
भिंग लावलं. केसाएवढी भेग,
आत पांढऱ्या सुया, कधीच्या तिथे बसलेल्या.

चौदा मीटर दहावर लाल माती आली
आणि मशीनचं पाणी वर यायचं थांबलं.
चाळीस सेंटिमीटर काहीच नाही.
पेटीत तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवतात,
वर लिहितात: नमुना मिळाला नाही.

देवस्थळी साहेबांचा फोन.
"वर बेसॉल्ट, खाली बेसॉल्ट, मध्ये दुसरं काय असणार?
जोडून टाक रेघ."
"सर, मध्ये नाहीये."
"नाहीये म्हणजे?"
"म्हणजे काय आहे ते माहीत नाही."
शिकलगार दुसरीकडे बघत
पान्याने उगाच एक नट आवळत होते.

ठोकळा तसाच राहिला.
बाजूला आणखी दोन बोअर घेतले,
सिमेंटची एकशे बारा पोती
त्या नाहीने गिळली.

सव्वा वर्षाने, एका मंगळवारी रात्री,
बोगदा त्यांच्या घराखालून गेला.
मी सकाळी भिंतीवरची काचपट्टी बघायला गेले.
भेगेवर आडवी चिकटवलेली, तारखेसकट.
काच शाबूत. जमीन दोन मिलिमीटर खाली.
मर्यादेत, मी वहीत लिहिलं.

"रात्रभर कुणीतरी खालून ठोके घालत होतं," काका म्हणाले,
"पण हात शिकाऊ."
मग वाकून मधल्या बोटाच्या पेराने
फरशी वाजवली, दाराजवळ एकदा,
देव्हाऱ्याखाली एकदा,
आणि कान देऊन थांबले.

मी विचारलं नाही.
त्यांनी हंडा खरवईवर चढवला
आणि राहिलेल्या बुडाचे ठोके पुरे करायला घेतले.