दोन बोटं माया

फाट्यावर, चक्कीच्या भिंतीले टेकून
माही मशीन. पायाची.
मोटर लाव, मोटर लाव, म्हन्तात सगळे.
लावीन. पैसे हातात असतीन तवा.

एक येळ होती, मंगळवार म्हटलं का पोटात गोळा.
दहा वाजता समाजमंदिरात सतरंजी,
आमी अकरा बाया मांडी घालून,
आन् पंकज नन्नावरे, फायनान्सचा पोट्टा.
नाव घेतलं का उठाचं, नोटा द्याच्या, बसाचं.
एकीचे कमी पडले तं दहाजनींनी भराचे,
मंग तिच्या दारात जाऊन दहाजनींनी बोलाचं.
मी ते बोलनं एकदा आयकलं हाये.
एकदा बोललीबी हाये.
ते जास्त आठवते.

कायचं होतं कर्ज? खरं सांगू?
मशीन बारा हजाराची.
बाकी ननंदेच्या पोराच्या बारशाले,
चांदीचा करदोडा, दोनशे पानं.
कोनी मांगतलं नोतं.
मीच म्हटलं, होऊन जाऊ दे.
मंग पहिल्याचा हप्ता भराले दुसरं घेतलं,
दुसऱ्याचा भराले तिसरं.
ठिगळाले ठिगळ. कापड कुठी रायते त्यात?

एका राती लाईन गेली होती.
कटोरी ब्लाउजचा जुना पेपर पालथा केला,
मेनबत्तीपाशी चार नावं लिवली.
दारव्ह्याचा अस्तरवाला, तेवीसशे.
गट, नऊ हजार.
मंग ते दोघं मोठे, त्यायचे आकडे
मुंढ्याच्या गोलाईत मावलेच नाईत.

आधी लहानाले धरलं.
दिवाळीले साडी म्हटली का माहं डोकं दुखे.
फॉल-पिको राती बारापावतर,
बाजूवाली भिंत ठोके, झोपू दे वं बाई.
अस्तरवाला मिटला त्या दिवशी
त्याच्या नावावर रेघ मारली,
मार्किंगच्या निळ्या खडूनं.
तो खडू धुतला का जाते.
तो पेपर मी धुतलाच नाई.

साडेतीन वर्स.
शेवटच्या मंगळवारी पंकजनं कार्डावर शिक्का मारला.
पुढच्या मंगळवारी, दहा वाजता,
पाय पॅडलवर आपोआप थांबले.
डब्यात सहाशे वीस रुपये,
सवयीनं काढून ठेवलेले.
आता कोनाले देऊ?
पोस्टात गेली. म्हटलं, घ्या बापा,
हे मंगळवारचे हायेत, यायले दुसरा वार माहीत नाई.

घरी नाई सांगतलं.
सांगतलं असतं तं दारात मोटरसायकल उभी रायली असती,
आन् तिच्या मागं तिचा हप्ता.

परवा पंकज आला.
ताई, तुमचा रेकॉर्ड एक नंबर,
ऐंशी हजार, सही करा, उद्या खात्यात.
म्हटलं, चहा घे.
चहा पेला. मंग हळूच म्हने,
प्यांट तंग होते कमरेत, ढिली होईन का?

टॉवेल गुंडाळून चक्कीच्या मागं उभा,
तिथूनच बोलत होता,
गाडीचा हप्ता, मोबाइलचा हप्ता,
बहिनीची फी, टार्गेट.
चक्की चालू होती, अर्धंच आयकू आलं.
अर्धंबी पुरे होतं.

मी शिवन उसवली.
आतमधी पाह्यलं.
काईच नाई.
कापड शिवनीपावतर येऊन संपलं होतं.

रेडिमेडमधी सोडत नाईत बाबू, म्हटलं.
मले शिवन शिकवलं अनुसयाबाईनं,
तिचा हात लय कडक.
गिऱ्हाईक कितीबी बारीक असो,
कापड कितीबी कमी असो,
दोन बोटं माया सोडाचीच म्हने,
मानूस आज हाये तेवढंच उद्या रायत नाई.

कमरेले एक पट्टी जोडून देल्ली.
दुसऱ्या रंगाची, पर शर्टाखाली झाकते.
तीस रुपये झाले.
खिसे चाचपले त्यानं. म्हने,
ताई, मंगळवारी देतो.

मी वही काढली, नाव लिवलं.
मंग म्हटलं,
मंगळवारी पोस्टापाशी भेट.