दोनशे अकरावा

सकाळच्या पहिल्या बोटीतून
दोनशे अकरा माणसं कोलोनियाच्या धक्क्यावर उतरली.
दोनशे दहांना मी आत सोडलं.

उरलेला समोर बसलाय. एउसेबियो लार्राल्दे,
वय एकसष्ट, डाव्या बुटाची नाडी सुटलेली.
पडद्यावर नावापुढे लाल चौकोन,
कारणाच्या रकान्यात एकच शब्द:
विचार.

चीज, बियाणं, बंदूक, सगळं तपासता येतं मला.
त्यासाठी कुत्रा दिलाय सरकारनं, तेरो नावाचा.
तेरोनं त्याचे हात हुंगले
आणि शेपटी हलवली.

भाषणं ऐकलीत मी याची.
माझी बहीण मिरेया जिच्याबरोबर संसार करते
त्या दोघींना हा कीड म्हणतो, माइकवरून,
आणि लोक टाळ्या पिटतात.
खोटं कशाला बोलू, लाल चौकोन दिसला
तेव्हा बरं वाटलं मला,
हिवाळ्यात उन्हाला पाठ देऊन बसावं तसं.

ते बरं वाटणंच आता सलतंय.

त्र्याहत्तर साली आई हीच मातकट नदी ओलांडून
पलीकडे गेली, पोटात मी.
लोकरीच्या गिरणीत पत्रकं वाटली होती तिनं,
आणि इथल्या यादीत तीही कीडच होती.
पलीकडच्या अधिकाऱ्यानं कागद पाहिले,
पोट पाहिलं,
आणि यादीचं पान उलटायचं राहूनच गेलं त्याच्याकडून.
आई म्हणते, त्याला माझं एकही मत पटलं नसतं,
कडक इस्त्रीच्या कॉलरवरूनच कळत होतं.

पण आई कुणाला चिरडा म्हणाली नव्हती.
हा म्हणतो. जवळजवळ म्हणतो.
त्या 'जवळजवळ'मध्ये किती माणसं मावतात
हे ठरवायला मला कुणी शिकवलेलं नाही.
यादी माँतेव्हिदेओहून येते,
दर सोमवारी थोडी लांब होऊन.

"काय करणार आहात?" त्यानं विचारलं.
"थांबा, विचार करतेय," मी म्हणाले,
आणि तो शब्द दोघांनाही ऐकू आला.

शिक्का मारला मी. परतीचा.
"नाडी बांधा, शिडी ओली आहे."
तो वाकला. बराच वेळ लागला त्याला,
गुडघे दुखत असावेत.
सव्वाबाराची बोट त्याला घेऊन गेली.

आई अठ्ठ्याहत्तरची आहे, ऐकू कमी येतं.
मातेचं पाणी गरम करत
रोज संध्याकाळी विचारते, आजही विचारलं:
"सगळे आले ना गं आत?"

मी पेला पुढे केला.
तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही.
तिनं पुन्हा विचारलं, मोठ्यानं.