सदतीसपैकी पस्तीस

पुतण्या ॲबरडीनला, तेलाच्या कंपनीत.
त्यानं पाकीट पाठवलं, दोन काड्या, दोन नळ्या,
आणि फोनवर दम दिला, "काका, तासभर तंबाखू बंद."
घरात थोरला मी, म्हणून गाल माझा.
उद्यमनगरच्या शेडमध्ये लेथ थांबवून
आतल्या बाजूनं काडी फिरवली,
बोअर साफ करतात तशी.

गणपती गेले, दसरा गेला, मग निकाल आला.
बापाकडनं पोराकडं, पोराकडनं त्याच्या पोराकडं
जे जवळपास न बदलता उतरतं,
त्याच्या सदतीस खुणा त्यांनी तपासल्या होत्या.
माझ्या शेजारी बसतील असे अकरा जण निघाले.
एकही देशावरचा नाही.
सगळे मॅकफेल, स्कॉटलंडचे.
दहावीला मी दोनदा बसलो ते ठाऊक असलेला
आमचा इलाही फिटर म्हणाला,
"मालक, फेल रक्तातच होतं म्हणायचं."

सदतीसपैकी पस्तीस जुळल्या.
दोनचा फरक.
आमच्या धंद्यात याला टॉलरन्स म्हणतात,
एवढ्यावर जॉब परत येत नाही.

तालमीत मला घाऱ्या म्हणायचे.
आजा घारा, त्याचा बापही म्हणे.
"कोकणचं पाणी असंल," एवढ्यावर विषय मिटायचा.
जोतिबाला दरसाल कुळाच्या नावानं नारळ फोडला,
त्या फुटलेल्या नारळाला तरी माहीत होतं का
कुळ कुठलं?

डंकन मॅकफेल, वय एकोणऐंशी, बेटावरचा होडीवाला.
पुतण्यानं पत्र वाचून दाखवलं.
मॅक म्हणजे मुलगा. तू आमच्यातला.
ऑगस्टात आम्ही सगळे जमतो, तू ये.
सोबत चौकड्याच्या कापडाचा तुकडा, कुळाचा.
बायकोनं बोटात धरून बघितला,
म्हणाली, इचलकरंजीत याहून बरं निघतं.
त्याला कसं सांगू, आमच्यात याला भावकी म्हणतात
आणि भावकी जमते मोजणीच्या दिवशी,
बांधाच्या दोन्ही अंगाला.

मग मीच सुट्टी काढून दफ्तरखान्यात गेलो.
मोडी वाचणारे इंगळीकर मास्तर, त्यांना चहा, मला धूळ.
चौथ्या दिवशी घाटरस्त्याचं एक हजेरीपत्रक,
वाळवीनं कडा खाल्लेलं. मास्तरांचं बोट थांबलं.
'आजऱ्याची बाई, पोरासह. दोन आणे.'
खाली साहेबाची सही,
ठसठशीत, आणि कुणालाच न वाचता येणारी.

ती हीच का? मास्तर म्हणाले, सांगता येत नाही.
वर्ष जुळतं. पोर जुळतं.
बाकी आजऱ्यात कुणी आजरेकर नसतो.
गाव सुटलं
की गाव नावाला चिकटतं.

पुतण्याला विचारलं, तिचं काय उतरलं माझ्यात?
तो जरा थांबला. म्हणाला, काका, बाईचं असतं ते
आई देते, लेक पुढं नेते.
मुलगा झाला की त्याच्यापाशी संपतं.
म्हणजे सही करून गेला त्याचं
सहा पिढ्या चालत आलं, माझ्या गालापर्यंत,
आणि जिनं कमरेवर पोर घेऊन खडी फोडली
तिचं त्या पोरातच थांबलं.
राहिलं ते शेडच्या पाटीवर. आजरेकर इंजिनिअरिंग वर्क्स.
रक्तात नाही, पत्र्यावर.

डंकनला कळवलंय, येतो. तिकीट बघतोय.
कुळाच्या वहीसाठी त्याचा एक फॉर्म आहे,
तो पुतण्याच्या लॅपटॉपवर काल भरला.
बापाकडची रकाने भराभर भरली.
आईकडच्या रकान्यात मी लिहिलं:
आजऱ्याची बाई. पोरासह. दोन आणे.

लाल अक्षरं आली. कृपया पूर्ण नाव लिहा.

मी परत तेच लिहिलं.