घेर आणि नाद

आडवा अक्ष : भोपळ्याचा घेर, इंचांत.
उभा अक्ष : खरजाची तार छेडल्यापासून
ती कानातून सुटेपर्यंत गेलेले सेकंद.

कुंभोजकर मॅडम म्हणाल्या होत्या,
आधी ठिपके टाक. गुणांक नंतर.
विकिरण आकृती न बघता गणित करणं
म्हणजे चव न घेता मीठ घालणं.

म्हणून अख्खा मे महिना मिरजेत,
आमच्याच दुकानात,
शिंप्याचा टेप घेऊन तंबोऱ्यांमागे फिरले.
काही विकायचे, काही दुरुस्तीला आलेले.
अब्बा म्हणाले, "ब्लाऊज शिवतेस काय त्यांना?"
त्रेपन्न इंच, अकरा सेकंद.
एकोणपन्नास, नऊ.
छप्पन्न, तेरा... तेवढ्यात बाहेर रिक्षा कोकलली.
पुन्हा.

एकेचाळीस तंबोरे, एकेचाळीस ठिपके,
प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात वहीतला नंबर.
कागद दिसला
ढेपेवरून हाकललेल्या मुंग्यांसारखा :
जायचंय सगळ्यांना वर, उजवीकडे,
पण जिची तिची वाट वेगळी.
गुणांक आला शून्य पूर्णांक एकतीस.
हो नाही, नाही पण नाही,
स्थळाकडून आलेल्या निरोपासारखा.

आणि एक ठिपका तर पार डावीकडे, टोकाला.
घेर सेहेचाळीस, सेकंद सतरा.
तीनदा मोजला. चौथ्यांदा
खोडरबराकडे हात गेला.
तो सोडून चाळिसांवर बावन्न येतो,
करून पाहिलं मी. कबूल करते.

अब्बांनी कागद खिडकीशी धरला.
चष्मा कपाळावर, बोटांना घोडीचा पांढरा कीस.
"हा दादापीरचा," म्हणाले.
"हापण. हे तिन्ही त्याचेच.
भोपळा काय, भीमेकाठनं कुणीही आणतो गं,
पण जवारी..."
आणि कानशीकडे बघत राहिले.
दादापीर दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला गेला,
फर्निचरच्या कारखान्यात.
पगार सात तारखेला होतो म्हणे.

मी लाल पेन घेतलं. अठरा ठिपके लाल केले.
आणि एका ढगाच्या दोन रांगा झाल्या,
खाली काळी, वर लाल,
दोन्ही सारख्याच तिरक्या.
मध्ये चार सेकंदांची मोकळी जागा.
घेर खोटा नव्हता,
फक्त एकटा नव्हता.

तो सेहेचाळीसवाला मात्र लालांच्याही वर.
"आणि हा?"
"तो त्यानं चिडून केला.
मजुरीवरून आमचं वाजलं होतं त्या आठवड्यात."

माझ्या तक्त्यात रागाला रकाना नव्हता.
ठिपक्याभोवती पेन्सिलीनं गोल काढला
आणि समासात लिहिलं : वगळू नये.

घेर लहान म्हणून गिऱ्हाईक त्याला
हातसुद्धा लावत नाही, अजून कोपऱ्यातच आहे.
रात्री शटर अर्धं ओढल्यावर
खरज छेडली, मोजायचं नाही असं ठरवून.

अकरावर आल्यावर लक्षात आलं
मोजतेय.