बारीक भोक

पहिला हिरवा ठिपका मार्चच्या शेवटी दिसला.
कुह्मोत अजून गुडघाभर बर्फ होता.
पंचेचाळीस वर्षांची होंडा,
एवढं चालायचंच, म्हणत मी
खाली पुठ्ठा सरकवला
आणि गॅरेजचं दार ओढून घेतलं.

मग ताउनोची मांजर आली.
कूलंट गोड असतं.
इतकं गोड, आणि दोन दिवसांत मूत्रपिंडं निकामी;
कुणीतरी मुद्दाम केल्यासारखं.
मुरूला मानगूट धरून उचललं,
मिशा हुंगल्या, जीभ पाहिली.
नव्हती चाटली.
छत्तीस वर्षं नर्स होते मी,
तरी हात थरथरत राहिले संध्याकाळपर्यंत.

आधी सगळं चुकीचंच बदललं.
फुगून मऊ पडलेल्या रबरी नळ्या,
त्यांच्या पट्ट्या, रेडिएटरचं झाकण,
थर्मोस्टॅटचं गॅस्केट, जे काढताना
शिळ्या पावाच्या कडेसारखं मोडलं.
जे औषध हाताशी असतं
तोच रोग आहे असं वाटतं माणसाला.
ठिपका त्याच जागी. तेवढाच.

पंपाखाली एक भोक आहे,
काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल असं.
कारखान्यानंच पाडलेलं.
आतलं सील झिजलं तर
पाणी तेलात शिरण्याआधी
इथून बाहेर यावं, कुणाला तरी दिसावं, म्हणून.
हिरवं आलं तर पाण्याचं सील गेलं,
काळं आलं तर तेलाचं.

ताउनो म्हणाला, एपॉक्सी भर त्यात.
माझ्या भावानं बुजवलं होतं, तीन उन्हाळे चालली.
आणि मग?
मग काय, विकली.

भोक बुजवलेली माणसं यायची वॉर्डात.
कधी काही दुखलं नाही, म्हणायची,
आणि आत तेलाचं ताक झालेलं.

एका सीलसाठी अख्खं इंजिन उतरवावं लागतं.
जॅक, बर्चचे दोन ओंडके,
ताउनोचा खांदा आणि त्याच्या शिव्या.
सील हातात घेतलं तर केवढंसं.
चिनी मातीचं एक कडं, त्याला टेकलेलं कार्बनचं दुसरं.
एक फिरतं, एक थांबतं.
मध्ये गोंद नाही, रबर नाही,
फक्त एका स्प्रिंगचा दाब
आणि दोघांचा गुळगुळीतपणा.
एवढ्यावर पाणी अडून राहिलं होतं
मी पस्तिशीही गाठली नव्हती तेव्हापासून.
जुन्यावर एक चरा,
नखाला लागेल न लागेल असा.

नव्याला बोटाचं तेलही लागू द्यायचं नसतं.
मी कोपरापर्यंत हात धुतले,
जुन्या सवयीनं, नळ कोपरानंच बंद केला.

इंजिन चढवलं. कूलंट भरलं.
बुडबुडे येत राहिले, येत राहिले, थांबले.
काटा मधोमध आला, पंखा घरघरला.
ताउनो टॉर्च धरून भोकाकडे बघत बसला
आणि त्याच्या जॅकेटमधून मुरूही.
कोरडं.

सकाळी पुठ्ठा ओला.

मी तिथेच फरशीवर बसले.
बोट लावलं, उजेडात धरलं. रंग नाही.
नाकाशी नेलं. वास नाही.
मग वरून टपकन मानेवर पडलं.
छपरावरचा बर्फ
एका गंजक्या खिळ्यावाटे आत येत होता.

पुठ्ठा हातभर बाजूला सरकवला.
छपराचं मेमध्ये बघू.