दोन जिवंत सेल

मेलेल्या लॅपटॉपची बॅटरी
भंगारवाल्या मैनुद्दीनकडून तीस रुपयांना.
फोडली. आत सहा सेल.
मीटर लावला : चार ठार, दोन धुगधुगीवर.

तेवढे पुरे.

फुटक्या टॉर्चचा आरसा, मोबाईलची चार्जिंग पिन,
आईची मिश्रीची रिकामी डबी.
सोल्डरचा धूर तंबाखूच्या वासात मिसळला
तेव्हा सुपावरून मान न उचलता ती म्हणाली,
"घर पेटवू नको, तीनशे विड्या व्हायच्यात अजून."
आणि डबी हँडलला बांधायला
विडीचाच दोरा दिला, सातपदरी करून.

नाना रात्रपाळीला निघाले.
विडी घरकुल ते अक्कलकोट रोड,
एकवीस वर्षं अंधारात.
खड्डे तोंडपाठ.

सकाळी परतले. कानात माग अजून चालूच,
म्हणून ओरडूनच बोलले,
"तुझ्या दिव्यानं घोटाळा केला.
खड्डा दिसला की ब्रेक दाबतोय मी.
उशीर झाला. जॉबर बोलला."

टॉवेलनं डबीवरचा कापूस पुसला.

"पण टाकीपाशी एकजण समोरून आला,
बिनदिव्याचा,
आणि आपणहून बाजूला झाला.
म्हणजे मी दिसलो की त्याला."

मग पिन स्वतःच खोचली, उलटी, मग सुलटी,
आणि लाल ठिपक्याकडे तोंड करून झोपले.